इंग्रजी ‘रीड’चा मराठी अर्थ कसा ठरवावा : टप्प्याटप्प्यानं

भाषांतरं तपासताना सगळ्यात जास्त खुणा माझ्याकडून एखाद्या अवघड शब्दावर होत नाहीत. पहिलीच्या पुस्तकातल्या ‘रीड’वर होतात. ‘मीटर २४० वाचतो.’ ‘पाटी वाचते की आत येण्यास मनाई आहे.’ ‘तो लंडनमध्ये कायदा वाचत होता.’ ही वाक्यं इंग्रजी कच्चं असलेल्यांची नाहीत. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांची आहेत. चूक होते ती कामाच्या क्रमात. ‘रीड’ दिसला की आधी ‘वाचणे’ लिहून टाकायचं आणि मग उरलेलं वाक्य त्याच्याभोवती बसवायचं, अशी हाताला सवय लागलेली असते.

खालचा क्रम अनुवादकांसाठी आहे, उपशीर्षकं लिहिणाऱ्यांसाठी आहे, कार्यालयात इंग्रजी पत्रांची मराठी करणाऱ्यांसाठी आहे आणि परीक्षेत उताऱ्याचा अनुवाद करणाऱ्यांसाठीही. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिले दोन.

## सुरुवातीची तयारी

शब्दकोश बाजूला ठेवा. तो लागेल, पण चौथ्या टप्प्यावर. आधी उघडलात तर पहिल्या ओळीतला ‘वाचणे’ डोक्यात बसतो आणि तिथून हलत नाही.

‘रीड’ असलेलं वाक्य एकटं घेऊ नका. आधीचं आणि नंतरचं अशी तीन वाक्यं समोर हवीत. उपशीर्षकं करत असाल तर आवाज चालू ठेवा. का ते पुढच्याच टप्प्यात कळेल. मजकूर कायद्याचा, वैद्यकाचा किंवा क्रिकेटचा असेल तर तसं वरच लिहून ठेवा. या तिन्ही क्षेत्रांत ‘रीड’ची आपापली, ठरलेली कामं आहेत.

## टप्पा १ : काळ ठरवा

या क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप आणि भूतकाळी रूप लिहिताना अगदी सारखं दिसतं. उच्चार मात्र वेगळा : वर्तमानात ‘रीड’, भूतकाळात ‘रेड’. कागदावर हा फरक दिसत नाही, म्हणून तो शोधावा लागतो.

सोप्या खुणा अशा. आधी ‘टू’, ‘विल’, ‘कॅन’, ‘डिड’ असेल तर ‘रीड’. आधी ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’, ‘वॉज’, ‘बीन’ असेल तर ‘रेड’. कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एखादं एकवचनी नाम असेल आणि क्रियापदाला शेवटी ‘एस’ नसेल, तर तो भूतकाळ. ही तिसरी खूण सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. ‘द नोट रेड’ हे भूतकाळातच असणार, कारण वर्तमानात ‘रीड्स’ झालं असतं.

अडचण उरते ती ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ या कर्त्यांपाशी. ‘आय रीड द पेपर एव्हरी मॉर्निंग’ हे ‘मी रोज सकाळी पेपर वाचतो’ असेल, किंवा ‘वाचायचो’ असेल. लिखित रूपावरून ठरवता येत नाही. आजूबाजूची क्रियापदं कोणत्या काळात आहेत ते पाहा. उपशीर्षकांत तर कानानं ऐका, क्षणात निकाल लागतो.

सावधान : फोनवरच्या ‘मार्क ॲज रेड’मध्ये आज्ञा ‘मार्क’ची आहे. ‘रेड’ इथं ‘वाचलेला’ या अर्थाचं विशेषण आहे. ‘वाचा म्हणून खूण करा’ असं भाषांतर या ‘रेड’ला आज्ञार्थ समजल्यामुळे होतं. सभेच्या कामकाजातल्या ‘टेकन ॲज रेड’चंही तेच : इतिवृत्त वाचून झालं आहे असं गृहीत धरलं.

## टप्पा २ : कर्ता माणूस की वस्तू?

इथं निम्मे प्रश्न सुटतात. मराठीत वाचायला माणूस लागतो. इंग्रजीत ‘रीड’चा कर्ता थर्मामीटर, पाटी, पत्र, कलम, कादंबरी, यंत्र काहीही असू शकतं. कर्ता वस्तू दिसली की थांबा आणि ती चारपैकी काय करतेय ते विचारा.

आकडा दाखवतेय? ‘द थर्मामीटर रीड्स १०१.’ मराठीत थर्मामीटरला मध्ये आणायची गरजही नसते : ‘ताप १०१ आहे.’ उपकरण महत्त्वाचं असेल तर ‘थर्मामीटरवर १०१ दिसतंय’, काट्याचं उपकरण असेल तर ‘काटा अमुक आकड्यावर आहे’ किंवा ‘काटा अमुक दाखवतोय’.

तिच्यावर काही लिहिलेलं आहे? ‘द साइन रीड्स’ म्हणजे ‘पाटीवर लिहिलंय’. पत्रात, चिठ्ठीत, तारेत : ‘पत्रात असं होतं’, ‘चिठ्ठीत लिहिलं होतं’. कायद्याच्या मजकुरात ‘सेक्शन सो अँड सो रीड्स ॲज फॉलोज’ असेल तर ‘कलम पुढीलप्रमाणे आहे’. इथं ‘कलम असे वाचते’ हे फार बोकाळलंय. ते काढा.

वाचणाऱ्याला ती कशी वाटते ते सांगितलंय? ‘द बुक रीड्स वेल’ म्हणजे पुस्तक वाचनीय आहे, किंवा वाचताना अडखळायला होत नाही. ‘हिज अपॉलजी रीड्स लाइक ॲन एक्स्क्यूज’ म्हणजे त्यानं मागितलेली माफी सबबच वाटते. या प्रकारात मराठी क्रियापद बहुतेक वेळा ‘वाटणे’ असतं.

यंत्र म्हणून माहिती उचलतेय? स्कॅनर बारकोड ‘रीड’ करतो, संगणक फाइल ‘रीड’ करतो. इथं ‘वाचणे’ आता रुळलंय आणि ते ठेवायला हरकत नाही. पण सहाव्या टप्प्यातला धोका याच प्रकारात सगळ्यात मोठा आहे, म्हणून वाक्यावर खूण करून ठेवा.

तपासा : दुसरा प्रकार की तिसरा, असा गोंधळ झाला तर ‘रीड्स’च्या पुढचा शब्द पाहा. पुढे अवतरणचिन्हं, अपूर्णविराम किंवा ‘ॲज फॉलोज’ असेल तर मजकूर सांगितलाय. पुढे ‘वेल’, ‘बॅडली’, ‘लाइक’ असेल तर तो कसा वाटतो ते सांगितलंय.

## टप्पा ३ : कर्ता माणूस असेल तर कर्म पाहा

माणूस ‘रीड’ करतोय, पण काय? कागदावरची अक्षरं असतील तर ‘वाचणे’ लिहा आणि पुढे जा. अक्षरं नसतील तर मराठीनं त्या त्या कामासाठी ठेवलेलं क्रियापद शोधा. ते बहुतेक वेळा असतंच, फक्त समोर ‘रीड’ दिसत असताना आठवत नाही.

हात आणि पत्रिका आपण बघतो. चेहऱ्यावरून ओळखतो. मनातलं ओळखतो किंवा ताडतो. परिस्थितीचा अंदाज घेतो. वीजमीटरचं रीडिंग घेतो; महावितरणच्या बिलावरही ‘रीडिंग’च आहे, तिथं ‘वाचन’ घालून वाचकाला कोड्यात टाकू नका. एक्स-रे डॉक्टर बघतात आणि त्यावरून निदान करतात. धार्मिक ग्रंथ नेमानं, ठरलेल्या दिवसांत वाचून पूर्ण केला असेल तर ते पारायण. कवीनं व्यासपीठावर कविता ‘रीड’ केल्या तर काव्यवाचन. दोघातिघांनी मिळून कथा-पत्रं आवाजाच्या चढउतारासह सादर केली तर अभिवाचन. नटानं एखाद्या भूमिकेसाठी ‘रीड’ केलं तर त्यानं ऑडिशन दिली.

क्रिकेटच्या बातम्यांत हा शब्द सतत येतो. कर्णधारानं खेळपट्टी ‘रीड’ केली म्हणजे तिचा अंदाज घेतला. फलंदाजाला गुगली ‘रीड’ करता आली नाही म्हणजे ती ओळखता आली नाही. ‘रीड इट फ्रॉम द हँड’ म्हणजे गोलंदाजाच्या हाताकडे आणि मनगटाकडे बघून, चेंडू टप्पा पडण्याआधीच ओळखला. ‘हातातून वाचला’ असं लिहिलंत तर चेंडू हातातून निसटून बचावल्याचं चित्र उभं राहतं.

कर्म एखादा विषय असेल आणि जवळपास विद्यापीठाचं नाव असेल, तर ब्रिटिश इंग्रजीत ‘रीड’ म्हणजे त्या विषयाचं पदवीचं शिक्षण घेणं. ‘शी रेड हिस्टरी ॲट केंब्रिज’ हे ‘तिनं केंब्रिजमध्ये इतिहास घेऊन शिक्षण घेतलं’ असं होईल. ‘इतिहास वाचला’ म्हटलं की छंद वाटतो आणि पदवी गळून जाते. ‘रीडिंग फॉर द बार’ ही त्याच घरची रचना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनच्या ‘ग्रेज इन’ या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत दाखल झाले. तिथल्या अशा शिक्षणासाठी मराठीत ‘बॅरिस्टरीचा अभ्यास’ हे शब्द आधीपासून तयार आहेत. जुन्या चरित्रलेखांतला विद्यापीठाचा ‘रीडर’ हा वाचक नसतो, तो प्रपाठक असतो. सहाव्या वेतन आयोगाच्या काळात आपल्याकडे ते पदनाम जाऊन सहयोगी प्राध्यापक आलं, पण त्याआधीच्या काळाबद्दलच्या मजकुरात प्रपाठकच लिहावं.

एक वैद्यकीय उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण इथल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. क्षयरोगासाठी त्वचेवर करतात त्या मॉन्टू टेस्टच्या सूचनेत, चाचणी ४८ ते ७२ तासांत ‘रीड’ करावी, असं लिहिलेलं असतं. ‘चाचणी वाचावी’ असं मराठी पत्रक हातात पडलं तर रुग्णाला कळणार काय? अहवाल वाचायचा? कोणी वाचायचा? मूळ अर्थ असा की इंजेक्शन दिल्यानंतर ४८ ते ७२ तासांच्या आत, प्रशिक्षित माणसानं त्या जागेवरचा घट्ट फुगवटा मोजायचा. लाली मोजायची नाही, फुगवटा मोजायचा. तेव्हा पत्रकात सरळ लिहा : ‘इंजेक्शन घेतल्यावर ४८ तासांनंतर, पण ७२ तास पूर्ण होण्याआधी, हात दाखवायला दवाखान्यात या.’ अशा सूचनेत शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा कोणी काय करायचं हे सांगणं महत्त्वाचं आहे.

सावधान : कर्म माणूस असेल तर दोन अर्थ संभवतात. ‘आय कान्ट रीड हिम’ म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. ‘डू यू रीड मी?’ वायरलेसवर आलं तर मनाचा काही संबंध नाही : ‘आवाज येतोय का?’ आणि ‘आय रीड यू फाइव्ह बाय फाइव्ह’ म्हणजे ‘आवाज एकदम स्पष्ट येतोय’. युद्धपटांच्या उपशीर्षकांत इथं ‘तुम्ही मला वाचत आहात का’ असं पाहिलं की हळहळ वाटते, कारण एवढ्या एका ओळीनं सगळा प्रसंग कोसळतो.

## टप्पा ४ : मागून येणारे छोटे शब्द

आता शब्दकोश उघडा, आणि ‘रीड’ नव्हे तर ‘रीड’ अधिक पुढचा शब्द अशी जोडी शोधा.

‘रीड आउट’ आणि ‘रीड टू’ म्हणजे वाचून दाखवणं. आई मुलाला गोष्ट वाचून दाखवते, आरोपीला आरोप वाचून दाखवतात. ‘आई मुलाला गोष्ट वाचते’ ही इंग्रजी रचना आहे. ‘रीड अप ऑन’ म्हणजे एखाद्या विषयाची वाचून माहिती करून घेणं. ‘रीड ओव्हर’ म्हणजे पुन्हा नजर घालणं. ‘रीड बॅक’ म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवणं. विमान चालवणारे नियंत्रण कक्षाकडून आलेली परवानगी अशीच परत उच्चारतात. ‘आय रेड ऑफ हिज डेथ’मध्ये मुद्दा बातमी कळण्याचा आहे.

कायद्यातल्या जोड्यांसाठी जास्त वेळ द्या. ‘रीड विथ’ हे दोन कलमं एकत्र लावण्याचं चिन्ह आहे. भारतीय दंड संहितेच्या काळातल्या कागदपत्रांत ‘३०२ रीड विथ ३४’ दिसेल : खून, आणि सोबत समान उद्देश. मराठी कागदांत ‘कलम ३०२ सह ३४’ असं लिहितात. ‘सह’ हा एवढासा शब्द पूर्ण काम करतो.

‘रीड डाउन’ हे त्याहून नाजूक. न्यायालय एखादी तरतूद रद्द न करता तिचा अर्थ आकुंचित करतं, म्हणजे ती घटनेशी सुसंगत राहते. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दंड संहितेतल्या, ‘अनैसर्गिक’ लैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बाबत हेच केलं. प्रौढ व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले गेले, संमतीविना केलेल्या कृत्यांसाठी मात्र कलम उभं राहिलं. म्हणून त्या निकालाबद्दल ‘कलम ३७७ रद्द’ असं लिहिणं चूक आहे. ‘कलमाची व्याप्ती मर्यादित केली’ हे बरोबर.

‘रीड इंटू’चे दोन चेहरे आहेत. बोलण्यात ‘डोन्ट रीड टू मच इंटू इट’ म्हणजे ‘त्यातून नसता अर्थ काढू नका’. न्यायालयीन मजकुरात मात्र त्यात निंदा नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये खासगीपणा हा शब्द नाही, तरी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क त्यात अंतर्भूत असल्याचं मानलं. अशा जागी ‘अंतर्भूत मानणे’ लिहा. इथं ‘अर्थ काढला’ लिहिलंत तर न्यायालयावर टीका केल्यासारखं होतं.

तपासा : सरकारी भाषेत काही ठिकाणी ‘वाचणे’ कायमचं बसलेलं आहे, ते उगाच सुधारू नका. शुद्धिपत्रकातलं ‘अमुकऐवजी तमुक असे वाचावे’, महाराष्ट्राच्या शासन निर्णयात वर येणारं ‘वाचा’ आणि त्याखालचे संदर्भ, विधेयकाचं प्रथम, द्वितीय, तृतीय वाचन, सोसायटीच्या सभेतलं ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. वाचकाला हे शब्द ओळखीचे आहेत आणि त्यांची जागा ठरलेली आहे. शाळेतलं नकाशावाचनही तसंच.

## टप्पा ५ : ठरीव शब्दप्रयोग वेगळे काढा

मागचे टप्पे लावूनही वाक्य वेडंवाकडं होत असेल तर बहुधा समोर ठरीव प्रयोग आहे. ‘रीड द रायट ॲक्ट’ म्हणजे खडसावणं, चांगला दम भरणं. ब्रिटनमध्ये १७१४ च्या त्या कायद्याचा मजकूर जमावासमोर मोठ्यानं वाचून पांगण्याची ताकीद द्यावी लागे, तिथून तो आला. त्यामुळे ऐतिहासिक मजकुरात ‘रीड’ खरोखर वाचण्याच्या अर्थानंही असू शकतो. प्रसंगाचा काळ पाहा. अमेरिकी पोलीसपटांतलं ‘रीड हिम हिज राइट्स’ म्हणजे अटक करताना त्याला त्याचे हक्क सांगणं. ‘रीड माय लिप्स’ म्हणजे ‘मी काय सांगतोय ते नीट ऐका’. ‘रीड बिट्वीन द लाइन्स’ला ‘न लिहिलेलं ओळखणं’, किंवा नुसतं ‘खरा रोख ओळखणं’.

‘वाइडली रेड’ फसवतं. माणसाबद्दल असेल तर त्याचं वाचन चौफेर आहे. वृत्तपत्राबद्दल असेल तर ते पुष्कळ लोक वाचतात. ‘वेल-रेड’ मात्र माणसालाच लागतं : व्यासंगी, बहुश्रुत.

## टप्पा ६ : मराठी ‘वाचणे’च्या दुसऱ्या अर्थाची चाळणी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, कारण इथवर आलं की काम संपल्यासारखं वाटतं.

मराठीत ‘वाचणे’ म्हणजे बचावणे, शिल्लक राहणे असंही होतं. अपघातातून माणूस वाचतो, पैसे वाचतात, वेळ वाचतो. वाक्यात वाचणारा माणूस लिहिलेला असेल तर ‘तिनं पत्र वाचलं’ यात शंका राहत नाही. वाचणारा गळाला की हा दुसरा अर्थ पुढे येतो. ‘द डिस्क वॉज रेड’चं ‘डिस्क वाचली’ केलंत, तर वाचकाला वाटेल की डिस्क जळता जळता राहिली. मोबाइल ॲपमध्ये ‘३ मेसेजेस रेड’चं ‘३ संदेश वाचले’ केलंत, तर बाकीचे गेले काय, असा प्रश्न पडेल. ‘फाइल वाचली नाही’ हे तर सरळ वाईट बातमीसारखं ऐकू येतं.

उपाय साधे आहेत. वाचणारा परत आणा : ‘तुम्ही ३ संदेश वाचले’. ‘वाचलेले संदेश : ३’ असं विशेषण करा. ‘वाचून झालं’, ‘वाचता आली नाही’ अशी जोडरूपं वापरा : ‘फाइल वाचता आली नाही’. संगणकाच्या बाबतीत ‘फाइल उघडली नाही’ हेही चालतं, पण ती खरोखर उघडलीच नव्हती ना, हे आधी पाहा. उघडूनही आतला मजकूर न वाचता येणं ही वेगळी तक्रार आहे आणि तिचा उपायही वेगळा असतो.

तपासा : पूर्ण मराठी मजकुरात ‘वाचला, वाचली, वाचलं, वाचले’ शोधा. प्रत्येक ठिकाणी कर्त्याला ‘ने’, ‘नं’, ‘नी’ लागलंय का, किंवा ‘मी, आम्ही, तू, तुम्ही’ आहे का, ते पाहा. नसेल तर वाक्य फिरवा.

## टप्पा ७ : इंग्रजी झाकून ऐका

मूळ मजकूर बाजूला करा आणि मराठी मोठ्यानं वाचा. शक्य असेल तर इंग्रजी न पाहिलेल्या कोणाला तरी वाचून दाखवा आणि ‘काय झालं?’ एवढंच विचारा. ‘कसं वाटलं’ विचारू नका, लोक भिडेनं ‘छान’ म्हणतात. घडलेली गोष्ट त्यांना नीट सांगता आली तर अर्थ पोचला.

## एक उतारा पूर्ण करून

सरावासाठी मी रचलेला हा उतारा घ्या. सगळी रूपं कागदावर सारखी दिसतात असं समजा.

‘शी हॅड रेड केमिस्ट्री ॲट ऑक्सफर्ड अँड वॉज प्राउड ऑफ हाउ वेल शी रेड पीपल. द नोट ऑन द डोअर रेड, बॅक बाय सिक्स. शी रेड इट ट्वाइस. इट रेड लाइक अ थ्रेट. इनसाइड, द गेज ऑन द सिलिंडर रेड झीरो.’

पहिल्यात ‘हॅड’ आहे, विषय आहे, विद्यापीठ आहे : शिक्षण घेतलं होतं. दुसऱ्यात कर्ता ‘शी’, ‘एस’ नाही, म्हणून भूतकाळ. कर्म माणसं : ओळखणं. तिसऱ्यात कर्ता चिठ्ठी आणि पुढे तिच्यातले शब्द : लिहिलं होतं. चौथ्यात माणूस आणि कागद : वाचली. पाचव्यात ‘लाइक’ : वाटली. सहाव्यात उपकरण आणि आकडा : काटा शून्यावर.

‘तिनं ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं, आणि आपल्याला माणसं बरोबर ओळखता येतात याचा तिला अभिमान होता. दारावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, “सहापर्यंत परत.” तिनं ती दोनदा वाचली. ती धमकीच वाटली. आत सिलिंडरवरचा काटा शून्यावर होता.’

‘सहापर्यंत येतो’ असं मुद्दाम केलेलं नाही. चिठ्ठी पुरुषानं लिहिली की बाईनं, हे इंग्रजीत उघड होत नाही, आणि गोष्टीचा पुढचा भाग हाती नसताना आपण ते ठरवू नये.